खर्च वाचला की नुसता सरकला?

आमच्या बाजारपेठेत किराणा मालाचे दुकान असलेले एक गृहस्थ आहेत. सारे गाव त्यांना अण्णा म्हणते. गेल्या महिन्यात ते दवाखान्यात आले ते काखेत एक जाडजूड फाईल मारूनच. तीन महिन्यांपूर्वी त्यांना हृदयविकाराचा झटका आला होता. मुलाने वेळ न दवडता मोठ्या शहरातील एका खाजगी इस्पितळात नेले, अँजिओप्लास्टी झाली, एक स्टेंट बसला आणि अण्णा सुखरूप परत आले. मी रक्तदाबाचा पट्टा दंडाला बांधू लागलो तर त्यांनी हात मागे घेतला.

"डॉक्टरसाहेब, प्रेशर नंतर बघा. आधी हे बिल बघा. सरकारनं स्टेंट स्वस्त केला म्हणतात ना? मग हा आकडा एवढा कसा?"

अण्णांची सारी हयात साखर-तेलाचा हिशेब ठेवण्यात गेलेली. त्यांच्या प्रश्नाला 'तसंच असतं हो' असे उत्तर देऊन चालणार नव्हते. दुपारची वेळ होती, बाकावर कोणी नव्हते. आम्ही दोघे चष्मे पुसून बिल वाचायला बसलो.

स्टेंट म्हणजे काय हे बहुतेक वाचकांना ठाऊक असेल. हृदयाला रक्त पुरवणारी रोहिणी चरबीने अरुंद झाली की तिच्यात बारीक तार घालतात, तारेवरून छोटा फुगा नेऊन तो फुगवतात आणि ती जागा पुन्हा मिटू नये म्हणून धातूच्या जाळीची नळी तेथे बसवतात. ही नळी म्हणजे स्टेंट. हल्ली तिच्यावर औषधाचा लेप असतो, त्यामुळे रोहिणी पुन्हा आकसण्याचा संभव कमी होतो.

या नळीच्या भावाची कथा सांगण्यासारखी आहे. २०१७ पूर्वी औषधाचा लेप असलेला स्टेंट रुग्णाला सरासरी सव्वा लाखाच्या आसपास पडत असे, साधा स्टेंट पंचेचाळीस हजारांना. दिल्लीतील एका वकिलाने उच्च न्यायालयात जनहित याचिका केली, २०१६ मध्ये स्टेंटचा समावेश अत्यावश्यक औषधांच्या राष्ट्रीय यादीत झाला आणि फेब्रुवारी २०१७ मध्ये केंद्राच्या औषध किंमत नियामक प्राधिकरणाने कमाल किंमत बांधून दिली: लेपाच्या स्टेंटला २९,६०० रुपये, साध्याला ७,२६० रुपये, कर वेगळा. म्हणजे एका रात्रीत भाव चौथाईवर आला. काही कंपन्यांनी माल मागे घेण्याची भाषा केली, तेव्हा पुरवठा चालू ठेवण्याचे आदेश सरकारला काढावे लागले. त्यानंतर ही कमाल किंमत अधूनमधून बदलत आली आहे. घाऊक किंमत निर्देशांक वाढला की ती थोडी वाढते, आणि आता लेपाच्या स्टेंटची मर्यादा अडतीस हजारांच्या पुढे गेली आहे. तरीही २०१७ पूर्वीच्या भावाच्या ती एकतृतीयांशही नाही.

अण्णांच्या बिलात स्टेंटची किंमत मर्यादेच्या आतच होती. नियमाप्रमाणे स्टेंटचे नाव, कंपनी, बॅच नंबर आणि किंमत स्वतंत्र लिहिलेली होती. तेथे बोट ठेवायला जागा नव्हती. पण पुढची पाने उलटू लागलो तसतशी अण्णांची भुवई वर जाऊ लागली. फुगा, एक नव्हे दोन. तारा. नळ्या. 'इतर सर्जिकल साहित्य' असे एकच शीर्षक आणि पुढे पाच आकडी रक्कम. अतिदक्षता विभागाचे दिवसाचे भाडे, आणि त्याच दिवशी 'मॉनिटर चार्ज' वेगळा. रक्ताच्या त्याच त्या तपासण्या पुन्हा पुन्हा. हातमोज्यांच्या जोड्या अण्णांनी मोजल्या आणि म्हणाले, "एवढ्यात माझ्या दुकानातल्या पोरांची दोन वर्षं निघतील."

आता येथे घाईने निष्कर्ष काढू नये. मीही डॉक्टर आहे आणि दुसरी बाजू मला माहीत आहे. अँजिओप्लास्टीचे यंत्र काही कोटींचे असते, ते कर्जाऊ घेतलेले असते, आणि रात्री अडीच वाजता झटका घेऊन येणाऱ्या अण्णांसाठी तज्ज्ञ, तंत्रज्ञ व परिचारिका हाकेच्या अंतरावर ठेवाव्या लागतात. पूर्वी या सगळ्याचा काही भार स्टेंटवरच्या नफ्यातून निघत असे. तो नफा गेल्यावर इस्पितळ तो भार दुसऱ्या कोणत्या तरी ओळीत टाकणार हे उघड होते. माझी तक्रार एवढीच की तो उघडपणे टाकावा, दरपत्रकावर टाकावा. हातमोज्यांच्या जोडीत लपवू नये.

याचा थोडाफार पुरावा सरकारी कागदातच आहे. फेब्रुवारी २०१८ मध्ये याच प्राधिकरणाने दिल्ली परिसरातील चार नामांकित खाजगी रुग्णालयांच्या बिलांची छाननी प्रसिद्ध केली. औषधे, साहित्य आणि तपासण्या मिळून बिलाचा ४६ टक्क्यांच्या आसपास भाग होत होता. पण ज्या औषधांची किंमत सरकारने बांधली आहे, त्यांचा वाटा बिलात जेमतेम ४ टक्के. ज्यांची बांधलेली नाही, त्या औषधांचा वाटा २५ टक्क्यांहून अधिक. काही वस्तूंवर तर खरेदी आणि विक्री यांच्यात १,७३७ टक्क्यांपर्यंत फरक आढळला.

अण्णांना हा आकडा पटेना. "एवढी छापील किंमत असलेला माल घेतं कोण? मी असला माल ठेवला तर गिऱ्हाईक समोरच्या दुकानात जाईल."

मी म्हटले, "अण्णा, तिथेच तर मेख आहे. तुमच्याकडे घेणारा आणि खाणारा एकच. म्हणून कंपनी भाव उतरवून माल खपवते. इस्पितळात माल निवडतं इस्पितळ, पैसे देतो पेशंट. म्हणून कंपनी तोच माल इस्पितळाला स्वस्तात देते आणि वर छापील किंमत चढवून देते. जिची छापील किंमत जास्त, तिचा माल खपतो. आणि टेबलावर झोपलेला पेशंट काही समोरच्या दुकानात जात नाही."

अण्णा बराच वेळ गप्प बसले. व्यापाऱ्याला व्यापार समजायला वेळ लागत नाही.

मग स्टेंटची किंमत बांधणे फुकट गेले का? माझ्या मते मुळीच नाही. महागडा स्टेंट माथी मारण्यातला मोह त्याने कमी केला आणि झाकलेला नफा चारचौघांत आणला. मात्र 'स्टेंट चौथाईवर आला' हे वाक्य खरे आणि 'अँजिओप्लास्टी चौथाईवर आली' हे वाक्य खोटे. दोन्ही वाक्ये एकच आहेत असे समजून धोरणाची पाठ थोपटणे किंवा धोरणाला शिव्या देणे, दोन्ही चूक. एका ओळीत वाचलेला रुपया शोधत शोधत शेवटच्या ओळीपर्यंत जावे लागते. तो खरोखरच वाचला, की दुसऱ्या ओळीत सरकला, की दुसऱ्याच्या खिशातून गेला, की आज वाचून सहा महिन्यांनी दामदुपटीने वसूल झाला?

हे शहाणपण मला पुस्तकातून आलेले नाही. ते आमच्याच गावात, माझ्याच सहीनिशी झालेल्या चुकीतून आले आहे.

येथील एका विश्वस्त संस्थेच्या तीस खाटांच्या रुग्णालयात मी बरीच वर्षे मानद डॉक्टर म्हणून जात होतो. काही वर्षांपूर्वी संस्थेच्या ताळेबंदात तूट आली. विश्वस्तांनी एक काटकसर समिती नेमली: एक निवृत्त बँक अधिकारी, एक वकील आणि मी. आम्ही तिघे प्रामाणिक होतो, एवढे मात्र म्हणेन. तीन उपाय ठरले.

पहिला, औषधांची यादी. एकाच औषधाचे पाच-पाच ब्रँड कपाटात पडून मुदतबाह्य होत असत. आम्ही यादी आखली, एका औषधाला एकच चांगल्या प्रतीचा जेनेरिक पर्याय ठेवला. अँटिबायोटिक इंजेक्शन लिहिताना कारण आणि दिवस लिहायचे, तिसऱ्या दिवशी पुन्हा विचार करायचा, असा नियम केला. दुसरा उपाय असा की हातमोजे, शिरेत घालायची सुई, ड्रेसिंगचे सामान रुग्णालयाने पुरवायचे नाही, चिठ्ठी देऊन नातेवाइकांकडून बाहेरच्या मेडिकलमधून आणवायचे. आणि तिसरा, प्रयोगशाळेतला रात्रपाळीचा तंत्रज्ञ कमी करायचा. रात्री तपासण्या होतात तरी किती?

हिवाळा संपता संपता आम्ही अहवाल लिहिला. खर्च चांगलाच घटला होता. विश्वस्तांनी चहाबरोबर पेढे दिले.

त्या बैठकीत इन्चार्ज सिस्टर कोपऱ्यात उभ्या होत्या. त्या काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी राउंड संपल्यावर त्यांनी माझ्यापुढे एक दोनशे पानी वही ठेवली. कोणत्या पेशंटला बाहेरून काय आणायला लावले, हे त्यांनी पहिल्या दिवसापासून लिहून ठेवले होते. प्रत्येक नावापुढे वस्तू, दुकानातली किंमत, आणि कधी कधी शेरा: 'पैसे नव्हते, ड्रेसिंग उद्यावर', 'तीच सुई तिसरा दिवस, हात सुजला'.

"सर," त्या म्हणाल्या, "आपण खर्च वाचवला नाही. तो पेशंटना वाटून दिला."

मी वही घरी नेली. रात्री बेरीज केली. आम्ही घाऊक भावाने जे सामान घेत होतो, तेच पेशंट किरकोळ भावाने घेत होते. म्हणजे दोघांचा मिळून खर्च घटला नव्हता, वाढला होता. आणखी एक गोष्ट ध्यानात आली, तिची तर लाजच वाटली. महाराष्ट्रातील धर्मादाय रुग्णालयांना दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी पूर्ण मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात ठेवाव्या लागतात. मुंबई उच्च न्यायालयाने २००६ मध्ये मान्य केलेली ती योजना आहे, आणि बिलांच्या दोन टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत टाकावी लागते. आमच्या चिठ्ठ्या त्या मोफत खाटेवरच्या माणसालाही जात होत्या. खाट मोफत, सुई बाहेरून.

हिशेबातली चूक वेगळीच होती. आम्ही थंडीतल्या तीन महिन्यांची तुलना केली होती ती त्याआधीच्या पावसाळ्याशी. पावसाळ्यात आमच्याकडे हिवताप, डेंगी, जुलाब यांनी वॉर्ड भरलेला असतो, व्हरांड्यात खाटा टाकाव्या लागतात. थंडीत अर्धा वॉर्ड रिकामा. खर्च घटला तो बराचसा ऋतूमुळे! आदल्या वर्षीच्या त्याच तीन महिन्यांशी, आणि तीही दर रुग्णामागे, तुलना करायला हवी होती. बँक अधिकाऱ्यांनी कपाळावर हात मारला. मी तर डॉक्टर. मला हे आधी सुचायला हवे होते.

आणि तंत्रज्ञाचे काय झाले? एका रात्री शेतमजुरी करणाऱ्या एका बाईंना जुलाब-उलट्यांनी गळून गेलेल्या अवस्थेत आणले. नाडी अनियमित होती. रक्तातले पोटॅशियम तातडीने बघणे आवश्यक होते, आणि प्रयोगशाळेला कुलूप. ड्युटीवरच्या तरुण डॉक्टरने धोका पत्करला नाही, पन्नास किलोमीटरवर जिल्ह्याच्या ठिकाणी पाठवले. त्याने अगदी योग्य केले. जीप रात्रीची, भाडे दुप्पट, नवऱ्याने मुकादमाकडून उचल घेतली. पोटॅशियम कमीच निघाले, सलाईनमधून भरून काढले, दोन दिवसांत बाई घरी आल्या. जे काम आमच्या एका तपासणीत आणि एका रात्रीत झाले असते, त्याला त्या घराची महिन्याची मजुरी गेली. देव बलवत्तर म्हणून तेवढ्यावरच निभावले. आमच्या अहवालात मात्र त्या रात्रीची नोंद होती ती अशी: प्रयोगशाळा, रात्रपाळी, खर्च शून्य. खाली माझी सही.

पुढच्या बैठकीत मी सही मागे घेतली. सुया, हातमोजे पुन्हा रुग्णालयाच्या भांडारातून देऊ लागलो. गावातच राहणाऱ्या एका तंत्रज्ञाला रात्री बोलावले तर येण्याचा भत्ता ठरवला. तो पूर्ण पगारापेक्षा बराच कमी होता. औषधांची यादी व अँटिबायोटिकचा नियम मात्र जसाच्या तसा ठेवला, कारण त्यात खरोखर बचत झाली होती आणि कोणाचे काही बिघडले नव्हते. उलट पेशंटच्या दंडाला टोचण्या कमी झाल्या. सिस्टरांच्या वहीचे रीतसर रजिस्टर झाले. त्यात दर महिन्याला तीन गोष्टी लिहायच्या: पेशंटने बाहेरून किती खर्च केला, घरी सोडलेल्यांपैकी महिन्याभरात किती परत आले, आणि दुसरीकडे किती पाठवावे लागले. कोणताही नवा काटकसरीचा उपाय आला की आधी हे तीन रकाने बघायचे, मग भांडाराचा आकडा.

दवाखान्यांचा खर्च आवरण्याचा हा खटाटोप काही आपल्याकडचाच नाही. अमेरिकेत वृद्धांसाठीच्या सरकारी विम्याने १९८३ पासून रुग्णालयांना दर दिवसाचे, दर इंजेक्शनचे पैसे देणे बंद करून आजारागणिक ठरावीक रक्कम देणे सुरू केले. न्यूमोनियाला इतके, मांडीचे हाड मोडले तर इतके. जास्त दिवस ठेवले तर तोटा रुग्णालयाचा. परिणाम तत्काळ दिसला. पुढे संशोधकांनी सुमारे चौदा हजार रुग्णांचे कागद तपासले, पद्धत बदलण्याआधीचे आणि नंतरचे. रुग्णालयातला मुक्काम जवळजवळ चौथाईने घटला होता, आणि मृत्यू वाढले नव्हते. इथपर्यंत उत्तम. पण त्याच कागदांत असेही दिसले की ताप उतरला नाही, श्वास स्थिर नाही अशा अवस्थेत घरी धाडलेले रुग्ण वाढले. कोणी केवळ मुक्कामाचे दिवस मोजून थांबला असता तर पेढेच वाटले असते.

ही गोष्ट आपल्याला परकी नाही, कारण आपल्याकडील सरकारी आरोग्य योजनाही याच तत्त्वावर चालतात. महाराष्ट्रात २०१२ मध्ये राजीव गांधी जीवनदायी योजना आठ जिल्ह्यांत सुरू झाली, २०१३ मध्ये राज्यभर पोचली, २०१७ पासून तिचे नाव महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना झाले. कुटुंबामागे दीड लाखाचे संरक्षण होते, ते पाच लाखांपर्यंत वाढवण्याचा व सर्व कुटुंबांना लागू करण्याचा निर्णय २०२३ मध्ये झाला. यात प्रत्येक शस्त्रक्रियेचे पॅकेज ठरलेले असते. पॅकेज म्हणजे एकरकमी गुत्ता. गुत्त्यात काम लवकर उरकते, विनाकारण तपासण्या होत नाहीत, हा गुण. आणि रक्कम अपुरी पडते असे वाटले की 'हे योजनेत बसत नाही, बाहेरून आणा' अशी चिठ्ठी निघते, हा दोष. योजनेखाली दाखल असताना अशी चिठ्ठी हातात आली तर ती मुकाट्याने खिशात घालू नका. योजनेच्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसतो. त्याला ती दाखवा आणि हे पॅकेजमध्ये आहे की नाही ते विचारा. मात्र पॅकेजचे दर वर्षानुवर्षे तेच ठेवून, पैसे थकवून, वर रुग्णालयांकडून चोख कामाची अपेक्षा करणे हाही एक प्रकारे खर्च दुसऱ्याच्या गळ्यात टाकणेच होय, हे सरकारलाही कोणी तरी सांगावे.

आणखी एक उपाय पुष्कळांना पटतो. 'फुकट दिलं की लोक उगाच येतात, थोडे पैसे लावा.' मीही तरुणपणी असेच म्हणत असे. अमेरिकेतच १९७४ ते १९८२ या काळात याची मोठी परीक्षा झाली. काही कुटुंबांना उपचार पूर्ण मोफत, काहींना खर्चाचा वाटा स्वतः उचलायला लावला. वाटा उचलणाऱ्यांचा दवाखान्यावरचा खर्च पुष्कळ घटला, हे खरे. पण त्यांनी काय सोडले? निरुपयोगी उपचार जेवढे सोडले तेवढेच उपयोगी उपचारही सोडले. सामान्य माणसाला कोणती फेरी उगाच आणि कोणती जिवाची, हे कसे कळावे? आणि गरीब घरांतील रक्तदाबाच्या रुग्णांचा दाब मोफत उपचार मिळालेल्यांत अधिक चांगला आटोक्यात राहिला. आपल्या राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाने १५ ऑगस्ट २०२३ पासून आपल्या रुग्णालयांत केसपेपरपासून तपासण्यांपर्यंतचे शुल्क रद्द केले, तेव्हा मला ही परीक्षाच आठवली होती. केसपेपरचे पैसे रद्द झाले हे चांगले झाले. आता औषधांचे कपाट भरलेले राहते का, हे पाहायचे. कपाट रिकामे असले की चिठ्ठी पुन्हा बाहेर जाते आणि सिस्टरांची वही पुन्हा भरू लागते.

हे सगळे अण्णांना सांगता सांगता माझ्या मनात एक शंका आली. मी विचारले, "अण्णा, गोळ्या कोणत्या चालू आहेत?"

त्यांनी खिशातून पट्ट्या काढल्या. रक्तदाबाची होती, कोलेस्टेरॉलची होती, ॲस्पिरिन होती. रक्त गोठू न देणारी दुसरी गोळी, क्लोपिडोग्रेल, नव्हती.

"ती बंद केली," अण्णा सहज म्हणाले. "महिना झाला. एवढं बिल झाल्यावर कुठं तरी काटकसर नको का? दोन गोळ्यांचं काम एकच म्हणाला मेडिकलवाला."

माझ्या पोटात गोळा आला. स्टेंट ही शरीराला परकी वस्तू. तिच्यावर आतले अस्तर धरेपर्यंत रक्ताची गुठळी होण्याची भीती असते, आणि झटक्यानंतर बसवलेल्या स्टेंटला या दोन्ही गोळ्या साधारणपणे वर्षभर घ्याव्या लागतात. मध्येच सोडल्या तर स्टेंट एकाएकी बंद पडू शकतो. तो झटका बहुधा पहिल्यापेक्षा मोठा असतो. एकोणीस पानी बिलातली सर्वांत स्वस्त आणि सर्वांत मोलाची वस्तू अण्णांनी वाचवली होती. त्याच दुपारी मी त्यांच्या हृदयरोग तज्ज्ञांना फोन लावला, त्यांच्या सल्ल्याने गोळी पुन्हा सुरू केली, ईसीजी काढला. सुदैवाने तो जैसे थे होता. ज्यांना स्टेंट बसला आहे अशा सर्व वाचकांना येथे हात जोडून सांगतो, यातली कोणतीही गोळी स्टेंट बसवणाऱ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नका. दात काढायचा असला तरीही आधी त्यांना विचारा. पैशांची ओढाताण असेल तर डॉक्टरांना स्पष्ट सांगा. याच औषधाची जेनेरिक गोळी जनऔषधी केंद्रात पुष्कळ कमी किमतीत मिळते. संकोचापायी गप्प बसून गोळी सोडू नका.

बिलाचे म्हणाल तर आम्ही एक अर्ज लिहिला. 'इतर सर्जिकल साहित्य' या शीर्षकाचा तपशील द्यावा आणि दुसरा फुगा का लागला ते कळवावे, एवढेच त्यात मागितले. भांडणाची भाषा नव्हती. आपल्या राज्यात २०२१ च्या सुधारित नियमांप्रमाणे खाजगी रुग्णालयाने रुग्णहक्कांची सनद आणि ठरावीक सेवांचे दर दर्शनी भागात लावायचे आहेत. नियोजित शस्त्रक्रिया असेल तर दाखल होण्याआधी ते वाचावेत, अंदाजपत्रक लेखी मागावे, आणि त्यात साहित्य धरले आहे की नाही हे विचारावे. 'स्टेंट कितीला?' हा प्रश्न पुरेसा नाही. 'घरी जाईपर्यंत एकूण किती, आणि त्यानंतर वर्षभर औषधांना महिन्याला किती?' असे विचारावे. अर्थात छातीत कळ निघालेली असताना हे काही विचारत बसू नये. तेव्हा आधी गाडीत बसावे.

अर्जाचे उत्तर तीन आठवड्यांनी आले. दुसरा फुगा आवश्यक होता आणि तो का, हे डॉक्टरांनी नीट लिहिले होते. मला ते पटले. साहित्याच्या तपशिलात दोन नोंदी दुबार झाल्याचे मान्य करून तेवढी रक्कम परत केली. अण्णा धनादेश दाखवायला आले. मी आधी गोळ्यांची पट्टी दाखवायला सांगितली. मोजल्या. एकही चुकलेली नव्हती.